खाती एक करा, पण गार्ड कमी करू नका

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात जंगल सांभाळणारे तीन. प्रादेशिक वनविभाग, ताडोबाचा व्याघ्र प्रकल्प आणि एफडीसीएम, म्हणजे वनविकास महामंडळ. शिवाय 1982 पासूनचं सामाजिक वनीकरण आहेच. वाघाला मात्र कंपार्टमेंटचा नंबर वाचता येत नाही. तो रात्री एकाच्या हद्दीत उठतो आणि सकाळी दुसऱ्याच्या हद्दीत ढोर मारतो.

त्यामुळे "ही सगळी खाती एक करा, सरकारचा पैसा वाचेल" असं कोणी म्हटलं की आधी माझीही मान हलते. मागच्या पावसाळ्यात गावातल्या एका काकांची दुभती गाय वाघानं मारली. नियम असा की 48 तासांत खबर द्यायची आणि मेलेलं ढोर जागेवरून हलवायचं नाही. काकांनी त्याच संध्याकाळी खबर दिली. एका ठिकाणी सांगितलं, "काकाजी, ही हद्द आमची नाही." दुसऱ्यांनी परत पहिल्याकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला, तोवर कुत्र्यांनी आणि कोल्ह्यांनी अर्धं काम उरकलं होतं. गाय वाघानंच मारली, याचा पुरावा काय द्यायचा?

म्हणून विलीनीकरणाला माझा विरोध नाही. पण ते कशासाठी, हे आधी सांगा.

ताडोबात हे एकदा होऊन गेलंय. गाभा 625 चौरस किलोमीटर. भोवती 2010 साली सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा बफर जाहीर झाला आणि पुढे त्याचाही कारभार क्षेत्र संचालकाच्या हाताखाली आला. एका वाघाला दोन साहेब नकोत, म्हणून ते केलं. त्यात बचत किती झाली ते जाऊ द्या, पण बफरमधल्या माणसाला कोणाचं दार ठोठवायचं ते कळलं.

बचतीसाठी एक करायला निघालो की गोष्ट वेगळी होते. वरच्या खुर्च्या कशातरी समायोजित होतातच, सरकारी खात्यांचा आजवरचा अनुभव हाच आहे. कात्री लागते ती बीटवर. वनरक्षकाची रिकामी जागा रिकामीच राहते, रोजंदारीवरचा वनमजूर घरी बसतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या 3 बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा दिवसांत पहाटे गावात येऊन "आज त्या नाल्याकडे जाऊ नका" असं सांगणारा गार्ड हेच आमच्यासाठी वनखातं. माणूस गेला तर सरकार घरच्यांना 25 लाख देतं. बचतीचं गणित मांडणाऱ्यांनी हा आकडाही त्यात धरावा. (माणसाची किंमत म्हणून नाही हो, निदान हिशेब म्हणून तरी!)

दुसरी भानगड पैशाची. ताडोबाच्या पर्यटनाचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जमा होतो आणि त्यातला काही बफरच्या गावांत खर्च होतो. उद्या सगळ्यांची तिजोरी एक झाली तर तो पैसा गावात येईल का?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं 1963 सालीच वन्यजीव आणि उद्यानं अशी दोन खाती एक केली. पण 1937 च्या केंद्रीय कायद्यामुळे शिकार परवान्यांचा पैसा वन्यजीव आणि मासे सांभाळण्याच्या कामालाच वापरावा लागतो, उद्यानांकडे वळवता येत नाही. उद्यानांसाठी पुढे खेळाच्या सामानावरच्या विक्रीकराचा वाटा ठरला, तोही विधिमंडळ वर्षानुवर्षं पुरता सोडत नव्हतं. शेवटी 2019 मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच तशी तरतूद करून घेतली. ऑफिस एक होऊन तेव्हा 56 वर्षं झाली होती!

तेव्हा एक करायचंच तर गावकऱ्याचं दार एक करा. पंचनामा जवळचा गार्ड करेल, तो कोणत्याही खात्याचा असो. हद्द कोणाची ते साहेबांनी मागाहून ठरवावं. ताडोबाचा पैसा बफरमध्येच राहू द्या. बीटवरच्या जागा आधी भरा, मग पाट्या बदला.

आमच्या काकांनी अजून दुसरी गाय घेतलेली नाही. रानाला लागून असलेलं त्यांचं वावर यंदा पडीकच आहे.