विश्लेषण : ‘सिंगिन इन द रेन’मधला आवाज नक्की कोणाचा?

भर पावसात छत्री मिटून नाचणारा जीन केली अनेकांनी मोबाइलवर कधी ना कधी पाहिलेला असतो. पूर्ण चित्रपट पाहायचा मात्र राहून जातो. १९५२ सालचा हा संगीतमय विनोदपट पहिल्यांदा पाहताना लक्षात येते, की गोष्ट पावसाची नाही, आवाजाची आहे.

कथा काय?
साल १९२७. ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट गाजतो आणि मूकपटांच्या हॉलिवूडची तारांबळ उडते. डॉन (केली) आणि लीना (जीन हेगन) ही प्रेक्षकांची लाडकी जोडी. पण लीनाचा आवाज चिरका. मायक्रोफोन झुडपात लपवला, तरी शब्द नीट उमटत नाहीत. मग नवख्या कॅथीचा (डेबी रेनॉल्ड्स) आवाज लीनाच्या ओठांवर चढवला जातो. श्रेय लीनालाच. अखेर पडदा वर जातो आणि मागे उभी राहून गाणारी कॅथी सर्वांना दिसते.

मग प्रश्न कुठे आहे?
हेगनचा चिरका आवाज हा अभिनय होता. त्यासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. कॅथी लीनाचे संवाद म्हणते, त्या प्रसंगात ऐकू येतो तो हेगनचाच खरा आवाज! ‘वुड यू?’ या गाण्यात तर रेनॉल्ड्सला आवाज दिला बेटी नॉईस या गायिकेने. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही.

त्या काळची रीतच होती ना?
होती, आणि आपल्याकडेही होती. ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीला लता मंगेशकर यांच्याऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. पण रीत म्हणून या चित्रपटाला सोडून देता येत नाही. दुसऱ्याच्या आवाजावर आपले नाव लावणे चूक, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याची गोष्टच तीच आहे. ज्या अन्यायावर तो प्रेक्षकांना हसवतो, तोच त्याने स्वतः केला.

म्हणून पाहू नये का?
जरूर पाहावा. नृत्य, विनोद, वेग यांत तो आजही शिळा वाटत नाही. पोट धरून हसावे. फक्त शेवटी कॅथीसाठी टाळ्या वाजवताना त्यातली एक टाळी बेटी नॉईसच्या नावे राखून ठेवावी.