वाऱ्याची नोंद कोण ठेवणार ?

पावसाची मोजदाद करण्याची रीति आपल्याकडे जुनी आहे. तालुक्याच्या ठिकाणीं पर्जन्यमापक असतो, त्याची नोंद रोजच्या रोज होते, आणि अमक्या सालीं अमक्या महिन्यांत किती पाऊस झाला हें दप्तर पाहून सांगतां येतें. उजनी धरणांतून भीमेंत किती पाणी सोडलें हें तर आतां घरबसल्या कळतें, व चंद्रभागेच्या वाळवंटांतील माणसें त्यावरून सावध होतात. परंतु वारा किती आला असें कोणीं विचारलें, तर आपण पडलेल्या पिकाकडे बोट दाखवितों. केळीची बाग आडवी झाली म्हणून वारा मोठा. उभी राहिली म्हणून वारा बेताचा! मापावांचून केलेला हा न्याय शेतकऱ्यास महाग पडत आला आहे, व यापुढें अधिकच महाग पडणार आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वारा मोजणें हें पाऊस मोजण्याइतकें सोपें नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. पाऊस भांड्यांत सांठून राहतो. वारा क्षणोक्षणीं बदलतो, आणि जमिनीपासून जसजसें वर जावें तसतसा तो वाढत जातो. गवत, पीक, बांध, घरें हीं सारीं वाऱ्यास अडवितात. म्हणून जगांतील हवामानखात्यांनीं असा संकेत ठरविला आहे कीं, वाऱ्याचें यंत्र मोकळ्या जागीं जमिनीपासून १० मीटर उंचीवर असावें, आणि जवळ कांहीं आडोसा असेल तर त्या आडोशाच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर तें उभें करावें. घर ५ मीटर उंच असेल तर यंत्र त्यापासून ५० मीटर दूर पाहिजे. शेतीच्या कामासाठीं २ किंवा ३ मीटर उंचीवरही वारा मोजतात. दोन्ही मापें आपापल्या जागीं खरीं. परंतु एकाच्या ठिकाणीं दुसरें धरलें कीं घोटाळा झालाच. मोकळ्या गवताळ जमिनीवर १० मीटर उंचीस ताशीं ४० किलोमीटर वारा असला, तर २ मीटर उंचीस तो सुमारें ३० भरतो. त्यांतून यंत्राच्या बाजूस भिंत किंवा लिंबाचें झाड असेल, तर आंकडा आणखी खालीं येतो. वारा एकच, पण आंकडे तीन !

दुसरी गोष्ट सोसाट्याची. वारा नदीच्या संथ पाण्यासारखा वाहत नाहीं. जमिनीच्या खडबडीतपणामुळें त्यांत लहानमोठे भोवरे उठतात, आणि वेग एका क्षणीं उसळतो, दुसऱ्या क्षणीं ओसरतो. यास शास्त्रज्ञ संक्षोभ म्हणतात. चक्रीवादळाचा वेग सांगतांना आपला हवामान विभाग ३ मिनिटांची सरासरी धरतो, आंतरराष्ट्रीय संकेत १० मिनिटांचा आहे, व अमेरिकेंत १ मिनिटाची सरासरी घेतात. सोसाटा मात्र अवघ्या ३ सेकंदांचा मोजतात. आतां वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. सरासरी ४० असून सोसाटा ६० चा असेल, तर वेग दीडपट आणि दाब सव्वादोनपट होतो. घड धरलेली केळ सरासरीनें मोडत नाहीं. ती त्या तीन सेकंदांनीं मोडते. ऊसही असाच. पावसानें काळी जमीन भिजून मुळांची पकड ढिली झालेली असते. अशा वेळीं झोक्यामागून झोके बसले म्हणजे उभा फड लोळतो. कागदावर सरासरी तेवढी राहते, आणि नुकसान करणारा सोसाटा निसटून जातो.

हा धडा इतरांनीं मोठी किंमत देऊन घेतला आहे. स्कॉटलंडांतील टे नदीवरील रेल्वेचा पूल १८७९ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस वादळांत कोसळला, व पुलावरील गाडी उतारूंसह नदींत गेली. पूल बांधणाऱ्यांनीं वाऱ्याच्या दाबाचा नीट हिशेब केलेला नव्हता. त्यानंतर तिकडील विद्वान वाऱ्याच्या मापाकडे काळजीनें पाहूं लागले. रॉबिन्सन यांनीं १८४६ सालीं केलेलें वाट्यांचें यंत्र तोंवर प्रमाण मानीत, आणि वाट्यांच्या गतीच्या तिप्पट वाऱ्याचा वेग असें गणित करीत. डाइन्स नांवाच्या गृहस्थांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, ती पट तीन नसून पुष्कळच कमी आहे. म्हणजे कित्येक वर्षांचे वेग फुगवून लिहिले गेले होते. यंत्र आहे एवढ्यानें भागत नाहीं; यंत्रही तपासावें लागतें.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाजवळील बॅरो बेटाचें आहे. १९९६ च्या एप्रिलांत ऑलिव्हिया नांवाचें चक्रीवादळ त्या बेटावरून गेलें, तेव्हां तेथील यंत्रानें ताशीं ४०८ किलोमीटरचा सोसाटा नोंदला. त्याच सुमाराची पांच मिनिटांची सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. हा आंकडा पुष्कळ वर्षें बाजूस पडून होता. पुढें यंत्राची स्थिति व जागा यांची चौकशी होऊन २०१० सालीं जागतिक हवामान संघटनेनें तो मान्य केला. नोंद टिकली होती म्हणूनच सत्य पुढें आलें. अमेरिकेंतील फ्लॉरिडांत तर वादळ येण्यापूर्वीं गाडीवरून मनोरे नेऊन त्याच्या वाटेंत उभे करतात, व ५ आणि १० मीटर उंचीवर एकाच वेळीं वारा मोजतात. कारण घरें आणि झाडें तेथेंच असतात, आकाशांत नसतात.

आपल्या मुलखांतही या विचाराची परंपरा आहे. १९३२ सालीं पुण्यास हवामानखात्याची कृषिहवामान शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. एल्. ए. रामदास यांनीं जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास केला, आणि निरभ्र, शांत रात्रीं सर्वांत थंड हवा मातीस चिकटून नसून मातीच्या थोडी वर असते, ही अनपेक्षित गोष्ट सिद्ध केली. त्या थरास आज जगांत त्यांचेंच नांव आहे. पीक ज्या हवेंत उभें असतें ती हवा तेथेंच मोजली पाहिजे, हा यांतील बोध आहे.

कोणी म्हणेल, पंढरपूर समुद्रापासून इतकें दूर. चक्रीवादळाची चर्चा कोंकणानें करावी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या हें खरें. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बंगालच्या उपसागरांतील वादळी प्रणाली आंध्राच्या किनाऱ्यावरून तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावर आली, आणि १४ तारखेस पंढरपुरांत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले. तेव्हां अंतराचा भरंवसा धरूं नये. शिवाय आपलें खरें वादळ तें वळवाचें. चैत्र-वैशाखांत ढग दाटतात, पावसानें थंड झालेली जड हवा ढगांतून खालीं कोसळते व जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते. तिचा तडाखा कांहीं मिनिटांचा, व पट्टा कित्येकदां दोनचार किलोमीटरांचा असतो. कासेगांवच्या बाजूस द्राक्षाचे मांडव व बेदाण्याच्या शेड उलथतील, आणि नदीकांठच्या गांवास पानही हलणार नाहीं.

आतां मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं महावेध योजना सुरू करून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभारलीं. राज्यांत तीं दोन हजारांवर गेलीं. हें काम स्तुत्य आहे. परंतु एका मंडळांत गांवें अनेक, आणि केंद्र एक. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत केळीसाठीं ताशीं ४० किलोमीटरचा वारा ही मर्यादा घातली गेली आहे. वर सांगितलेलें ४० आणि ३० चें गणित येथें लावून पाहावें. यंत्राची उंची, आडोसा व अंतर यांवर एका कुटुंबाचें वर्ष अवलंबून राहतें. केंद्र सरकारनें २०२३ सालीं विंड्स नांवाची योजना जाहीर केली. तिच्या मूळ आखणींत हवामान केंद्र तालुक्याच्या पातळीवर असून ग्रामपंचायतीस पर्जन्यमापक आहे. म्हणजे पाऊस गांवांत मोजावयाचा, वारा दूर कोठें तरी !

महसूलखात्याच्या दप्तरांत आमची नोकरी झाली आहे, व पंचनाम्याचे कागद आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीचे टक्के हें सर्व असतें. वाऱ्याच्या ठिकाणीं 'वादळी वाऱ्यानें' एवढाच शब्द असतो. किती वाजतां, कोणत्या दिशेनें, किती वेळ, हें कोणी लिहीत नाहीं. मग वाद पडला कीं ज्याच्यापाशीं आंकडा त्याची सरशी, आणि आंकडा शेतकऱ्यापाशीं कधींच नसतो. कांहीं बंधूंची अशी शंका आहे कीं, माप आलें तर तेंच आपल्यावर उलटेल. यंत्र ३८ दाखवील व मदत बुडेल. आमचें उत्तर असें कीं, माप तर आलेंच आहे. प्रश्न एवढाच कीं तें केवळ दुसऱ्याच्या हातांत ठेवावयाचें कीं काय. आपल्या नोंदीस विमा कंपनी उद्यांच मान देईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण नोंदच नसेल तर मान देण्याचा प्रश्नही उठत नाहीं.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक मंडळाच्या केंद्राची जागा, वाऱ्याच्या यंत्राची उंची, शेवटच्या तपासणीची तारीख, आणि सरासरीबरोबर सोसाट्याचाही आंकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची मागणी संघानें लेखी करावी. दुसरी, संघानें स्वतः निदान दोन यंत्रें उभारावींत, एक नदीकांठच्या सखल भागांत व एक माळाच्या बाजूस. प्रत्येक ठिकाणीं १० मीटरांवर व ३ मीटरांवर माप घ्यावें. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. गांवांतील एखाद्या शिकलेल्या तरुणानें वाऱ्याची वही ठेवावी. ब्यूफर्ट या आरमारी अधिकाऱ्यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. झाडांवरून त्या ओळखण्याच्या खुणा पुढें जोडल्या गेल्या. मोठ्या फांद्या हलूं लागल्या म्हणजे वारा सुमारें ३९ ते ४९, सबंध झाड डोलूं लागलें म्हणजे ५० ते ६१, डहाळ्या तुटूं लागल्या म्हणजे ६२ ते ७४ किलोमीटर. तारीख, वेळ, दिशा व ही खूण, एवढें लिहिण्यास एक ओळ पुरते.

अशा वहीचा उपयोग केवळ भरपाईपुरता नाहीं. चार वर्षांच्या नोंदींवरून वळवाचा तडाखा बहुधा कोणत्या दिशेनें येतो हें कळेल, म्हणजे शेवरीची रांग कोणत्या बांधावर लावावी, केळीस टेकू कोणत्या बाजूनें द्यावा, हें ठरवितां येईल. रांगही अगदीं घट्ट भिंतीसारखी नसावी. भिंतीमागें भोंवरे उठतात. वारा थोडा गाळून सोडणारी रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आसरा देते.

पाऊस देवाच्या हातीं असूनही आपण तो मोजण्यास शिकलों, व त्याच्या नोंदींवर शेतसारा सुटीचे निर्णय झाले. वाऱ्याचें तसेंच करावें, आणि येत्या वळवापूर्वीं संघाच्या सभेनें या तीन सूचनांचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.