'बेपत्ता' हा शेवटचा शब्द नसावा

अरुणाचलात सियांगच्या खोऱ्यात पोस्टिंग होतं तेव्हाची गोष्ट. एका आदी घरात चुलीपाशी चहा घेत बसलो होतो. कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं एक भांडं होतं, कडेला रिव्हेटची भोकं. "विमानाचं आहे," घरमालक सहज म्हणाले. त्यांच्या वडिलांनी शिकारीहून परतताना पत्रा आणला होता.

दुसऱ्या महायुद्धातली कितीतरी विमानं या डोंगरांत पडली. त्यातलंच एक 'हॉट ॲज हेल', बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचं जड बॉम्बर. २५ जानेवारी १९४४ रोजी ते आठ जणांना घेऊन चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे निघालं आणि पोचलंच नाही. त्या दिवशीच्या खराब हवेत याच मार्गावर आणखीही विमानं गेली.

ही लढाईतली हानी नव्हती. चीनमधल्या या बॉम्बर तुकड्यांना आपलं इंधन आणि बॉम्ब हिमालयावरून स्वतःच वाहून न्यावे लागत. एका हल्ल्यासाठी अशा कित्येक फेऱ्या. लिबरेटरचा अरुंद, लांब पंख पल्ल्याला उत्तम. पण त्यावर बर्फ धरला की विमान हवेत टिकवणं अवघड. रसद पोचवताना मेलेला सैनिक शौर्यकथांत सहसा येत नाही.

२००६ मध्ये दामरोह गावाच्या वरच्या डोंगरात हे विमान बाहेरच्या जगाला 'सापडलं'. गावच्या शिकाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं! त्यांना विचारायला साठ वर्षं कोणी आलं नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेचं शोधपथक आलं, पण पुढचं मोठं शोधकाम व्हायला २०१५ उजाडलं. २०१६ मध्ये दिल्लीत अवशेष सोपवले गेले.

सीमाभाग किती संवेदनशील असतो हे मला कोणी सांगायला नको. तरीही मधली सात वर्षं मला खटकतात. त्या वर्षांत कुणाची तरी बहीण, कुणाचा तरी भाऊ वाट बघत म्हातारा होत होता.

"एवढ्या वर्षांनी हाडं शोधून काय मिळतं?" असं आपलेच लोक विचारतात. माझं उत्तर एका फोनमध्ये आहे. आमच्या पेट्रोलमधला एक जवान नदीत वाहून गेला. मी घरी कळवलं : बेपत्ता. पलीकडून वडिलांनी विचारलं, "साहेब, सूनबाईनं कुंकू ठेवायचं का पुसायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकराव्या दिवशी तो सापडला. त्या घराला रडायची मोकळीक तेव्हा मिळाली.

आपलं ए.एन.-१२ विमान ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात हरवलं. अवशेष दिसले २००३ मध्ये. २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, आपल्या जवानांनी आणखी चार पार्थिवं खाली आणली. मला याचा अभिमान आहे. पण असा शोध एखाद्या मोहिमेच्या उत्साहावर अवलंबून नसावा. डोंगरातल्या प्रत्येक गावात जाऊन म्हाताऱ्या शिकाऱ्यांना, मेंढपाळांना विचारावं, जागा नकाशावर नोंदवाव्यात. मग ते विमान आपलं असो वा परक्यांचं. याला फार पैसा लागत नाही, पण उशीर परवडणार नाही. ज्यांना त्या जागा माहीत आहेत, ती माणसंही आता थकत चालली आहेत.

जवान निघताना आपण त्याची हजेरी घेतो. तो परत आला नाही, तर ती हजेरी अपुरीच राहते. ती पुरी करणं आपल्याकडे लागतं.

जय हिंद.