धम्माच्या तासाला अर्थ हवा

निवासी शाळेतील दिवस वंदनेने सुरू होतो. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा हे सर्व नव्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या सहामाहीतच मुखोद्गत होते आणि पालक-मेळाव्यात त्याचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु धम्माच्या तासाला केवळ पाठांतराचेच गुण मिळत असतील, तर त्या रीतीला आमचा विरोध आहे. ज्यांच्या पूर्वजांना शास्त्र ऐकण्याचीही मनाई होती, त्यांच्या लेकरांच्या हाती अर्थाविना नुसता ध्वनी द्यावा, हे आम्हांस पटत नाही.

पंचशीलाचेच पाहा. त्यातील 'समादियामि' हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. 'मी स्वीकारतो' असे म्हणणारा स्वतःच बोलतो. 'करू नकोस' असे वरून कोणी बजावीत नाही. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. एवढे व्याकरण सहावीच्या मुलाला सहज उमगते आणि मग शील व वसतिगृहाची नियमावली यांतील भेदही उमगतो. (अधीक्षकांना तो रुचेलच असे नाही!) पाचव्या शीलात मद्याचा उल्लेख आहे, गुटख्याचा नाही. मग गुटखा चालेल काय? शिक्षकांनी 'नाही' म्हणून हा प्रश्न मिटवू नये. 'पमाद' म्हणजे बेसावधपणा, हे कारण त्या शीलातच सापडते. गुटख्याने भान सुटत नाही, असे एखादा म्हणेल. तलफेने मन बांधले जाणे हाच बेसावधपणा नव्हे काय, असे दुसरा विचारील. एकमत न झाले तरी हरकत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच केले. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी गृहत्यागाचा प्रश्न उपस्थित केला. वृद्ध, रुग्ण आणि प्रेत सिद्धार्थाने वयाच्या २९ व्या वर्षी प्रथमच पाहिले, ही कथा त्यांना बुद्धीस पटणारी वाटली नाही. त्यांनी शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. मुलांसमोर ही दोन्ही उत्तरे ठेवून 'कोणते पटते आणि का?' असे विचारले पाहिजे. बाबासाहेबांचे उत्तरही नुसते घोकून घेतले, तर त्यांचा निष्कर्ष तेवढा हाती राहील आणि त्यांची रीत सुटेल.

अशाने मुले वाटेल तो अर्थ लावतील, अशी शंका काही ज्येष्ठ बंधू घेतात. ती निराधार नाही. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात, भलत्या रीतीने ग्रहण केलेल्या शिकवणीला शेपटीकडून धरलेल्या सापाची उपमा दिली आहे. शेतवस्तीवरून आलेल्या आमच्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही! म्हणूनच शब्द कोणता, तो कोणाला व कोणत्या प्रसंगी सांगितला, आणि आपण काढलेल्या अर्थाप्रमाणे वागल्यास कोणाचे हित वा अहित होते, ही तपासणी शिक्षकांनी प्रत्येक वेळी करून घ्यावी. त्यासाठी शिक्षकांची स्वतःची तयारी लागेल. तास वाढवून भागणार नाही.

येत्या जूनपासून धम्म-परीक्षेतील निम्मे गुण अर्थविवेचनाला द्यावेत आणि पालक-मेळाव्यात पठणानंतर एखाद्या गाथेवर मुलांची चर्चाही ठेवावी, अशी आमची संस्थेला सूचना आहे. पालकांनी मधेच प्रश्न विचारले तरी चालेल.