होडीचे तिकीट काढण्याआधी तिथी पाहा

पनवेल, (प्रतिनिधी) - गाढी आणि उलवे नद्या जिथे खाडीला मिळतात, त्या पनवेलच्या रहिवाशांना तिवरांतील पक्षी होडीतून पाहायचे, तर लोकलने ऐरोली गाठावी लागते. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, खाडीकाठची तिवरे तुटली. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडत आहेत. उलट ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी वनविभागाची होडी म्हणूनच पनवेलकरांना सोयीची.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत असतात. पण पर्यटक रविवार पाहून निघतात. खाडी मात्र वार ओळखत नाही. पूर्ण भरतीला चिखलाचे पट्टे बुडतात व थवे दुसरीकडे विसावतात. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर पसरतात, परंतु उथळ पाण्यात होडी रुतते. योग्य वेळ असते ती अर्ध्या ओहोटीची. त्यासाठी कोळ्यांचा जुना हिशोब उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे सकाळी नऊची फेरी चांगली. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, तेव्हा तीनची. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा चढते, हे ध्यानात ठेवावे. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी.

होडी निवडताना आणखी एक कसोटी लावावी. छायाचित्रासाठी थवा उडवून दाखविणारा नावाडी नको. लहान फ्लेमिंगो चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ टिपतो. दर उड्डाणात त्याची चरण्याची वेळ आणि शक्ती दोन्ही वाया जातात. इंजिन मंद करून अंतरावर थांबणारी होडी बरी, मग कांठावर चिखलात सरपटणाऱ्या निवट्याही दिसतात.

होडी मिळालीच नाही, तर भरतीच्या वेळी वाटेतच नेरुळला उतरावे. तेथील पाणथळ जागी विसावलेले थवे काठावरून दिसतात, तिकीटही लागत नाही. मात्र ही जागाही भरतीच्याच पाण्यावर जगते. २०२४ मध्ये तेथील एका तळ्यात पाणी येण्याची वाट अडली, तळे आटले आणि थव्यांनी त्याकडे पाठ फिरविली.