नाव बदललं तरी घर तेच

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण काका-आत्यांनी लगेच उठून जाऊ नये. लग्नांचे फोटो, कॅसेटींवरून उतरवलेली गाणी, आजोबांच्या स्कॅन केलेल्या वह्या हे सगळं आता हार्डडिस्कवरच असतं. तेव्हा प्रश्न तुमचाही आहे.

लिनक्स डिस्कला नाव देतं ते हजेरीच्या क्रमानं. आधी सापडली ती एसडीए, नंतरची एसडीबी. एखादी डिस्क वाढवली, केबल दुसऱ्या खाचेत गेली किंवा एखादी डिस्क जागी व्हायला उशीर झाला, की कालची एसडीए आज एसडीबी! म्हणजे हे नाव नव्हेच, रांगेतला नंबर आहे. २००६-०७ च्या सुमारास तर कर्नल बदलताच जुन्या आयडीई डिस्का 'एचडीए'च्या 'एसडीए' झाल्या, आणि जुनंच नाव शोधत बसलेली यंत्रं सुरू होईनात.

यावर झेडएफएसचं उत्तर मला फार आवडतं. अनेक डिस्कांचा एक साठा, म्हणजे पूल, करणारी ही प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्सनं २००५ मध्ये खुली केली. ती लिनक्सवर आणण्यात आपल्या पुण्याचाही हात आहे बरं का. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं केलेल्या कामात फाइली प्रत्यक्ष वापरता येण्याचा थर नव्हता. तो पुण्याच्या केक्यू इन्फोटेकनं २०१० मध्ये लिहून दाखवला. (पुणेकर कौतुक करतोय, नोंद घ्यावी.)

तर झेडएफएस प्रत्येक डिस्कवर चार ठिकाणी, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी, ओळखपत्र लिहून ठेवतं: ही डिस्क कोण, कुठल्या पुलातली, सोबतीला कोण. वायरी कशाही लावा, कुटुंब एकमेकांना ओळखतं.

आपल्याकडे भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं. पाट्या बदलल्या, पण सिटी सर्व्हेच्या कागदावर भांबुर्डा आणि नंबर अजून आहेच. रिक्षावाल्याला काहीही सांगा, जमीन ओळखायची ती त्या नंबरानं. तसंच हे.

मग गाडी अडते कुठे? यंत्र सुरू होताना. त्या वेळी पूल अजून उघडलेला नसतो, आणि तो उघडायला जी छोटी प्रतिमा आधी चढते, तिच्यात डिस्कांचे जुने पत्ते जपलेले असू शकतात. पत्ता जुळला नाही की काळा पडदा. माहिती जागच्या जागी शाबूत असते, पण घाबरलेला माणूस 'सगळं गेलं' म्हणून नव्यानं फॉरमॅट मारतो. त्याहून वाईट म्हणजे, खराब डिस्क समजून एसडीबी पुसतो आणि ती निघते चांगली. खरं नुकसान इथं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पूल बांधताना 'बाय-आयडी'ची, म्हणजे डिस्कच्या कंपनी आणि अनुक्रमांकाची, लांबलचक नावंच वापरावीत. वाचायला कंटाळवाणी आहेत, मान्य. पण तोच क्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, त्यामुळे ऐनवेळी कुठली काढायची हे डोळ्यांना दिसतं. पत्ते बदलले की सुरुवातीची प्रतिमाही नव्यानं बनवावी. आणि दोन डिस्कांचा आरसा असेल तर बूटलोडर दोन्हींवर हवा. तो पुलाच्या बाहेर राहतो, झेडएफएस त्याची दुसरी प्रत आपोआप करत नाही.

बाय-आयडी हाही रामबाण नव्हे. काही यूएसबी डबे डिस्कचा खरा क्रमांक लपवून स्वतःचाच सांगतात. शेवटी भरवशाचं तेच, जे डिस्कच्या पोटात लिहिलंय.

आणि तालीम! सगळं नीट चालू असताना, बॅकअप घेऊन, यंत्र बंद करून वायरींची अदलाबदल करा. मग एकेक डिस्क काढून बघा, सुरू होतं का. एक रविवार दुपार जाईल. पण ज्या पुलाची अशी परीक्षा झाली नाही, तो सुरक्षित आहे असं म्हणणं म्हणजे निव्वळ श्रद्धा. आणि आजोबांच्या वह्या श्रद्धेवर सोडायच्या नसतात.