परदेशी शिक्षणाचा अर्ज पोरांनी स्वतः भरावा



गट ऑफिसात बसले की तोडीची, टोळ्यांची आणि बिलाची चर्चा ठरलेली. अलीकडे तिच्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. कुणाचा मुलगा जर्मनीला निघाला, कुणाच्या मुलीला इंग्लंडची सीट मिळाली, कुणी रस्त्याकडेचा एकर काढला. तालुक्याच्या ठिकाणी एस.टी. स्टँडभोवती 'परदेशी शिक्षण सल्ला केंद्र' अशा पाट्या लागल्या आहेत आणि तिथे आपलीच माणसे फाइल घेऊन बसलेली दिसतात.

शेतकऱ्याच्या पोराने परदेशी शिकू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या सहकारी साखर कारखानदारीवर आपला प्रपंच चालतो तिच्या मुळाशी एक परदेशी शिकलेला माणूस होता. प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, त्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळांनी सांभाळले. गाडगीळ केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांचे शिक्षण आपल्या बांधापर्यंत पोचले. तेव्हा वाद जावे की न जावे हा नाही. वाद आहे तो कसे जावे याचा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अर्ज पोराने किंवा पोरीने स्वतःच्या हाताने भरावा, पैशाचा हिशेब सगळ्या घराने बसून करावा, आणि या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय जमिनीच्या कागदाला हात लावू नये. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. अर्ज एजंट भरतो, हिशेब एजंट सांगतो आणि कागद तेवढा आपला असतो.

आधी एजंटाचा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील पुष्कळ विद्यापीठे आणि कॉलेजे विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन देतात. ते बहुधा पहिल्या वर्षाच्या फीवर ठरते. म्हणजे फी जितकी जास्त तितके कमिशन जास्त. हा धंदा बेकायदा नाही आणि सगळे एजंट लबाड असतात असेही नाही. पण ज्याचे पोट आपल्या फीवर भरते तो आपल्याला कमी फीची वाट आपणहून कशाला दाखवील? जर्मनीतील सरकारी विद्यापीठे सहसा कमिशन देत नाहीत. म्हणून तिथले नाव काढले की केंद्रवाला एक तर विषय बदलतो किंवा आपली वेगळी फी सांगतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पुष्कळ ठिकाणी अर्जासाठीचा ई-मेल, पासवर्ड आणि मोबाईल नंबरसुद्धा एजंटाचाच असतो. विद्यापीठाचे पत्र आले काय, नकार आला काय, तो सांगेल तेव्हा आपल्याला कळणार. ऊस आपला आणि काटा त्याचा, अशातली ही गत. काट्यावर आपण स्वतः उभे राहतो, पावती तपासून घेतो, मग पोराच्या आयुष्याच्या वजनाला डोळे मिटून का बसावे?

२०२३ साली कॅनडात काय झाले ते सभासदांनी लक्षात ठेवावे. पंजाबातून गेलेल्या शेकडो विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची पाळी आली. त्यांना दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली होती. ही पोरे जाऊन काही वर्षे लोटली होती. कायम राहण्याचा अर्ज केला तेव्हा भांडे फुटले. पुढे तिथल्या सरकारने खरोखर फसलेल्यांना वेगळे काढून दिलासा दिला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र त्या-त्या संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम केला. ती पोरेही शेतकऱ्यांचीच होती आणि त्यांच्या बापांनीही विश्वासावरच पैसे मोजले होते. विद्यापीठाशी पत्रव्यवहार पोराच्या स्वतःच्या ई-मेलवर असता, तर असे पत्र पहिल्या आठवड्यात तपासता आले असते.

आता अर्जाकडे वळू. अर्ज म्हणजे काही अगम्य विद्या नाही. बारावीनंतर किंवा पदवीनंतर ज्याला आपली गुणपत्रके वाचता येतात त्याला तो भरता येतो. पासपोर्ट, सर्व वर्षांची गुणपत्रके, आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, काही ठिकाणी जीआरई, दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, आणि आपण हाच विषय का शिकणार याचे एक-दोन पानी निवेदन, एवढाच कारभार. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना एपीएस नावाचा कागदपत्र-तपासणीचा दाखलाही काढावा लागतो. त्याला वेळ जातो, तेव्हा तो आधी मागवावा.

या सगळ्यात ते निवेदन हा खरा गाभा, आणि नेमके तेच विकत घेतले जाते. २००७ साली ब्रिटनमधील 'यूकास' या अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेने हजारो निवेदने यंत्रावर ताडून पाहिली. तेव्हा २३४ जणांनी एकच हकीकत लिहिलेली सापडली. आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली म्हणे! दोनशे चौतीस पायजमे एकाच पद्धतीने कसे जळतील? तयार नमुन्यावरून उतरवलेल्या निवेदनाची ही गत होते. आपल्या पोरांपाशी तर सांगण्यासारखे खरे पुष्कळ आहे. पाटपाण्याने खारवट झालेली जमीन, ठिबक केल्यावर पडलेला फरक, खोडव्याचे उत्पन्न का घटते हा प्रश्न, घरचे जमाखर्च सांभाळण्याचा अनुभव. इंग्रजी थोडे मोडके असले तरी चालेल, ते शिक्षकांकडून दुरुस्त करून घेता येते. मजकूर मात्र आपला पाहिजे.

यात व्यवहारही आहे. व्हिसाच्या मुलाखतीत हेच विद्यापीठ का, हाच विषय का, पैसे कुणाचे, हे विचारतात. ज्याने अर्ज स्वतः भरला तो उत्तर देतो. ज्याचा अर्ज दुसऱ्याने भरला तो चाचरतो.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्या. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, या बाईने अमेरिकेत आपला हेतू आणि आपली अडचण सांगणारे पत्र स्वतः इंग्रजीत लिहिले. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा ना फोन ना इंटरनेट. मुलासाठी एकर काढणारे आणि मुलीचा विषय निघाला की 'लग्नानंतर बघू' म्हणणारे जे आहेत, त्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

वेळेचे गणित आपल्याला उसावरून चांगले समजेल. परदेशी प्रवेश हे आडसाली पीक आहे. ज्या सप्टेंबरात जायचे त्याच्या आधीच्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये लागण केली पाहिजे. उन्हाळ्यात पासपोर्ट आणि परीक्षेची तयारी, पावसाळ्यात विद्यापीठांची यादी आणि शिफारसपत्रे, दिवाळीच्या पुढेमागे अर्ज, उन्हाळा लागता लागता उत्तरे, मग कर्ज आणि व्हिसा. निकाल लागल्यावर जूनमध्ये जागे होऊन सप्टेंबरात जायचे म्हणणाऱ्याला, जिथे जागा उरल्या आहेत तिथेच जावे लागते. उरलेल्या जागा कुठे असतात ते एजंटाला चांगले ठाऊक असते.

आता पैसा. उसाचे टनाला तीन हजार हाती पडतात आणि एकरी चाळीस टन निघतात असे धरू. जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधी खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. युरोला शंभर रुपये धरले तरी जवळजवळ बारा लाख, म्हणजे चारशे टन ऊस, दहा एकरांचे सगळे पीक, तेही खते-मजुरी वजा न करता. हा पैसा बुडत नाही, तो मुलाला दरमहा खर्चायला परत मिळतो. पण आधी उभा करावा लागतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, तरी अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली. 'जर्मनी फुकट' हे वाक्य म्हणूनच तपासून घ्यावे.

इंग्लंड-अमेरिकेत फीचाच डोंगर. समजा तीस लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी काढले आणि सगळी रक्कम उचलली, तर वर्षाला तीन लाख तीस हजार नुसते व्याज. म्हणजे एकशे दहा टन ऊस व्याजापोटी गव्हाणीत. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही, हे लोक विसरतात. शिवाय पुष्कळ बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यांना घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. तिथूनच खाजगी सावकार आणि जमीनविक्री यांची वाट सुरू होते. 'तिकडे काम करून फी निघते' हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून चोवीस तास, जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस एवढीच बाहेर काम करण्याची मुभा. त्यातून जेवणखाण निघेल, फी नव्हे.

म्हणून कर्जाच्या आधी शिष्यवृत्ती पाहावी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. सारथी संस्थेची सयाजीराव महाराजांच्या नावाची योजना मराठा-कुणबी समाजासाठी आहे. इतर मागास आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही त्या-त्या खात्यांच्या योजना आहेत. जे. एन. टाटा एंडाउमेंट तर १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. सरकारी योजनांना उत्पन्नाची अट असते, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे लागते. एजंटाने सुचवलेले कॉलेज पुष्कळदा या यादीतच बसत नाही! चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळवण्याची मेहनत केली तर घरची जमीन वाचू शकते, हा हिशेब कुणी समजावून सांगत नाही.

देशांच्या बाबतीतही आपली नजर चार नावांपलीकडे जात नाही. उसाचा अभ्यास करायचा तर ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथे साओ पावलो विद्यापीठाचे शेती महाविद्यालय आहे. मुलूख उसाचा, विद्यापीठ सरकारी आणि शिकवणीची फी नाही. मात्र पोर्तुगीज शिकावी लागेल. अमेरिकेत लुइझियाना राज्य विद्यापीठाची ऑड्युबॉन शुगर इन्स्टिट्यूट आहे. आणि मुलाचा ओढा साखरेकडेच असेल तर आधी आपल्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा विचार का करू नये? १९७५ साली ती ऊस उत्पादकांच्याच सहकारातून उभी राहिली आहे.

घरोघरी एक कसोटी लावावी. पोरगं काय शिकणार, तेच का शिकणार आणि नोकरी नाही मिळाली तर कर्ज कसे फिटणार, हे त्याला आईसमोर साध्या मराठीत सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर अजून लागणीची वेळ झालेली नाही असे समजावे. नुसते 'सगळे चाललेत' हे कारण एका गुंठ्याचेही नाही.

शेवटी कारखान्याकडे एक मागणे. बिनव्याजी कर्ज द्या असे आम्ही म्हणत नाही. पैसा सगळ्या सभासदांचा आहे आणि जाणारे थोडे आहेत. पण ऊस नोंदीच्या तारखा जशा गट ऑफिसच्या फळ्यावर लागतात, तशा शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती आणि शेवटच्या तारखा लागाव्यात. कार्यक्षेत्रातून आजवर जी मुले-मुली परदेशी शिकायला गेली त्यांच्या संमतीने एक नोंदवही ठेवावी. अनुभवाचा सल्ला त्यातून फुकट मिळेल. हंगाम संपला की वर्षातून एक दिवस त्यांच्यापैकी सुट्टीवर आलेल्यांना बोलवावे, आणि ज्यांचा बेत फसला त्यांनाही बोलवावे. त्यांच्याकडून शिकण्यासारखे अधिक असते. याला खर्च म्हणाल तर चहापाण्याचा.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय कुणीतरी मांडावा, आणि तोवर ज्यांची फाइल एजंटाच्या टेबलावर आहे त्यांनी निदान ई-मेलचा पासवर्ड आपल्या पोराच्या हाती घ्यावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.